हातपाय लुळे पडतात तेव्हां

२०१६ सालच्या श्रावणांतील गोष्ट. आमचे थोरले काका सकाळची संध्या करीत असतां आचमनाची पळी त्यांच्या हातून निसटली. ती उचलून त्यांनीं संध्या पुरी केली. आम्हीही तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढल्या आठवड्यांत सदऱ्याचें बटण लावण्यासाठीं त्यांनीं नातीला हांक मारली. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या अंगठ्यामागचें मांस झडून तेथें खळगा पडला, आणि दंडाच्या कातडीखालीं स्नायू आपोआप उडूं लागले. मानेच्या मणक्यांची झीज, जीवनसत्त्वांची उणीव, म्हातारपण, अशीं एकामागून एक निदानें झालीं. त्यांत आठ महिने गेले. शेवटीं मुंबईच्या एका मज्जाविकारतज्ज्ञांनीं स्नायूंत बारीक सुई घालून त्यांतील विजेचे लहरी-आलेख पाहिले, आम्हां सर्वांस समोर बसविलें, आणि रोगाचें नांव सांगितलें: ए. एल. एस., म्हणजे मोटर न्यूरॉन रोगांपैकीं सर्वांत निर्दय प्रकार. २०१९ च्या माघांत काका गेले.

घरचें दुःख उगाळण्याकरितां आम्ही हा लेख लिहीत नाहीं. काकांच्या मागें त्यांच्याच निमित्तानें आम्हांस जव्हार-मोखाड्याकडे जाण्याचा योग आला, आणि तेथें जें पाहिलें व ऐकलें तें घरच्या अनुभवाशेजारीं ठेवल्यावर ह्या रोगांविषयीं एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागली. ती आमच्या वाचकांपुढें मांडावी, एवढाच हेतु.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. हालचालीचा हुकूम मेंदूपासून स्नायूपर्यंत दोन टप्प्यांनीं जातो. मेंदूंतील चालक मज्जापेशी तो हुकूम पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत आणते. तेथें बसलेली दुसरी चालक मज्जापेशी तो उचलते आणि आपल्या लांब तंतूवाटे स्नायूस पोंचविते. इंग्रजींत ह्याच पेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. कमरेजवळच्या पेशीपासून पायाच्या बोटांकडे जाणारा तंतु मोठ्या माणसांत सुमारें एक मीटर लांब असतो. पेशी स्वतः मात्र जेमतेम केसाच्या जाडीएवढी. वरच्या टप्प्याची पेशी बिघडली तर अवयव ताठरतात. खालच्या टप्प्याची मेली तर ते लुळे पडतात आणि वाळतात. ए. एल. एस. मध्यें दोन्ही टप्पे ढासळतात. हात, पाय, जीभ, गिळणें आणि शेवटीं श्वास, असा त्याचा क्रम थोड्याफार फरकानें असतो. डोळ्यांची हालचाल बहुधा अखेरपर्यंत शाबूत राहते, आणि पुष्कळ रोग्यांची बुद्धीही.

ह्या सर्व रोगांत ध्यानांत धरण्यासारखें मुख्य तत्त्व एकच आहे. हाड मोडलें तर सांधतें, कातडी फाटली तर भरून येते. परंतु मेलेल्या चालक पेशीच्या जागीं नवी पेशी उत्पन्न करण्याची शक्ति शरीराजवळ नाहीं. येथें उपचार याचा अर्थ पेशी मरण्यापूर्वीं तिच्यापर्यंत पोंचणें, हाच.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को या वैद्यकपंडितानें १८६९ सालापासून ए. एल. एस. चे रोगी मरणोत्तर तपासून मज्जारज्जूंतील नेमक्या कोणत्या पेशी नाहींशा होतात हें दाखविलें. त्याच सुमारास पोलिओनें लुळ्या पडलेल्यांच्या मज्जारज्जूंतही त्यानें तीच जागा ओसाड पडलेली पाहिली. पत्ता कळला, पण मारेकरी कोण, हें कळावयास फार काळ लागला. १९९३ सालीं कांहीं घराण्यांत पिढीजात चालणाऱ्या ए. एल. एस. चें मूळ एस. ओ. डी. १ या जनुकांत सांपडलें. २००६ सालीं असें आढळलें कीं, बहुतेक रोग्यांच्या मज्जापेशींत टी. डी. पी.-४३ नांवाचें प्रथिन आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणीं गोळा होतें. २०११ सालीं आणखी एक महत्त्वाचें जनुक हातीं लागलें. औषधांची चाल मात्र फारच मंद. १९९५ सालीं आलेलें रिल्युझोल आयुष्य सरासरीनें दोन-तीन महिने वाढवितें. २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें टोफर्सेन हें औषध एस. ओ. डी. १ च्या दोषावरच चालतें, आणि असे रोगी शंभरांत सुमारें दोन. उरलेल्यांस रोग उलटविणारें औषध अद्याप नाहीं.

येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे, नाहीं तर वाचक विनाकारण धास्ती घेतील. हात वाळला म्हणजे ए. एल. एस. च झाला असें नव्हे. विशी-पंचविशीच्या आंतील तरुणांचा एकच हात कांहीं वर्षें वाळत जातो आणि मग रोग आपोआप थांबतो, असा एक प्रकार जपानांत हिरायामा यांनीं १९५९ सालीं वर्णिला, बंगलोरच्या डॉ. गौरीदेवी यांनीं १९८४ सालीं आपल्या देशांतील तसे रोगी प्रसिद्ध केले. मद्रासेकडे आढळणारा, तरुणपणीं सुरू होऊन मंद गतीनें चालणारा व बहिरेपणा आणणारा निराळा प्रकार १९७० पासून ज्ञात आहे. म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच व्हावें, आणि लवकर व्हावें.

काकांस रिल्युझोल दिलें. परंतु खरा आधार झाला तो रात्रीं श्वासास मदत करणाऱ्या मुखवट्याच्या यंत्राचा, वेळीं पोटांत बसविलेल्या अन्ननळीचा, आणि माणसांचा. आमचें चौदा माणसांचें घर. रात्रीच्या पाळ्या ठरल्या. वाचा गेल्यावर धाकट्या नातीनें पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून आणली. ती एकेका अक्षरावर बोट ठेवी, आणि बरोबर अक्षर आलें कीं काका पापणी मिटत. ह्या रीतीनें त्यांनीं नातवाच्या संस्कृतांतील विभक्तीच्या चुकाही दुरुस्त केल्या! सांगावयाचें तें इतकेंच कीं, आमच्यापाशीं माणसें होतीं, वाहन होतें, तासाभराच्या अंतरावर रुग्णालय होतें. नव्हतें तें औषध.

आतां जव्हाराकडे वळूं. काकांनीं तरुणपणीं कांहीं वर्षें जव्हारास शिक्षकाची नोकरी केली होती, आणि तेथील माणसांबद्दल ते आयुष्यभर जिव्हाळ्यानें बोलत. त्यांच्या स्मरणार्थ त्या भागांतील एका अंगणवाडीस कांहीं साहित्य द्यावें असें घरांत ठरलें, आणि गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही निघालों. आमच्या धाकट्या सूनबाई बालरोगतज्ज्ञ आहेत. त्याही बरोबर होत्या.

जव्हार ही मुकणे राजांच्या संस्थानाची राजधानी. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला, तेव्हां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यांत गेले. सह्याद्रीचा हा उतार पावसांत डोळे निववितो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांचे पाडे डोंगरांच्या कुशींत विखुरलेले. उतारावर नागली व वरई, खांचरांत भात. वैतरणेचें पाणी ह्याच बाजूनें मुंबईच्या नळांस जातें, आणि उन्हाळ्यांत येथल्या पाड्यांवरील बायका हंडे घेऊन झरे शोधीत हिंडतात. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हांपासून ह्या तालुक्यांचें नांव काढलें कीं लोकांस कुपोषण हा एकच शब्द आठवतो. तो शब्द खोटा नव्हे. परंतु एकाच शब्दाची संवय जडली म्हणजे दुसरें कांहीं दिसेनासें होतें, ही अडचण सूनबाईंनीं आम्हांस वाटेंत समजावून सांगितली.

त्यांचें म्हणणें असें. लहान बालकांसही मोटर न्यूरॉनचा एक रोग होतो. त्यास एस. एम. ए. म्हणतात. एस. एम. एन. १ हें जनुक दोन्ही आईबापांकडून सदोष आलें, म्हणजे चालक पेशींस जगण्याकरितां लागणारें प्रथिन पुरेसें बनत नाहीं, आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतच त्या भराभर मरूं लागतात. दर दहा हजार जन्मांत सुमारें एक, असें याचें प्रमाण. उग्र प्रकारांत औषधावांचून बहुतेक मुलें दुसरा वाढदिवस पाहत नाहींत. असें मूल लुळें असतें, मान धरीत नाहीं, रडणें क्षीण, दूध ओढतांना थकतें. कुपोषणाच्या मुलखांत अशा मुलाकडे पाहून कोणीही म्हणेल, 'अशक्त आहे, खाऊं घाला.' खाऊं घालण्यांत वाईट कांहींच नाहीं. पण त्या अवधींत पेशी मरत राहतात.

मग ओळखावें कसें? उपाशी मूल बहुधा मलूल असतें. त्याचें वजन घटतें, पण हातपाय तें हालवितें. एस. एम. ए. च्या मुलाचे डोळे तेजस्वी असतात; तें आईकडे टक लावून पाहतें, हंसतें. पाय मात्र बेडकासारखे बाहेर फांकून पडलेले, उचलतां न येणारे. श्वास घेतांना छाती आंत जाते आणि पोट वर येतें. जिभेवर बारीक थरथर दिसते. गुडघ्याखालीं हळूच ठोकलें तर पाय उडत नाहीं. आणि आरंभीं त्याचें वजन ठीकही असूं शकतें. म्हणून नुसत्या वजनाच्या कांट्यास तें सांपडत नाहीं.

हें ओळखणें आज पूर्वींपेक्षां महत्त्वाचें आहे, कारण ह्या रोगावर औषध आहे. सदोष जनुकाचें मूळ १९९५ सालीं सांपडलें. बहुतेक मनुष्यांत त्या जनुकाची कच्ची नक्कलही असते. ती नीट वाचावयास पेशीस शिकविणारें नुसिनर्सेन हें औषध २०१६ सालीं आलें. तें पाठीच्या कण्यांतून टोंचावें लागतें. २०१९ सालीं निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर घालून नवें जनुकच एकदां शरीरांत सोडण्याची युक्ति मान्य झाली. २०२० सालीं रोज तोंडानें घेण्याचें रिसडिप्लॅम आलें. रोगाचीं चिन्हें दिसण्यापूर्वींच नुसिनर्सेन सुरू झालेल्या पंचवीस बालकांच्या पाहणींत सर्व बालकें जगलीं, आणि बहुतेक आपल्या पायांनीं चालूं लागलीं. तेंच औषध पेशी मेल्यावर दिलें तर गेलेलें परत आणीत नाहीं, उरलेलें राखतें.

किंमतीची गोष्ट मात्र छातींत धडकी भरविणारी. २०२१ सालीं मुंबईंतील एका बालिकेकरितां जनुकाचा तो एक डोस आणण्यासाठीं सुमारें सोळा कोटि रुपये लोकवर्गणीनें जमवावे लागले, आणि सरकारनें सुमारें सहा कोटींचे कर माफ केले. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें दुर्मिळ रोगांचें धोरण जाहीर केलें. नेमलेल्या केंद्रांत उपचार घेणाऱ्या रोग्यास पन्नास लाखांपर्यंत साह्य मिळण्याची तरतूद पुढील वर्षीं झाली. मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय ह्या केंद्रांपैकीं एक आहे. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत, न्यायालयांतील मोठ्या वादानंतर, रिसडिप्लॅमची देशी बनावटीची बाटली सुमारें सोळा हजार रुपयांस बाजारांत आली. मूळ कंपनीच्या बाटलीची किंमत सहा लाखांच्या वर होती. सोळा हजारही मजुराच्या आंवाक्यांतले नव्हेत. पण सरकारच्या आंवाक्यांत तें औषध आतां आलें आहे, हें कोणासही नाकबूल करतां येणार नाहीं.

आम्ही गेलों त्या अंगणवाडींत वजनाचा दिवस होता. छताच्या कडीला कांटा टांगलेला, त्याच्या झोळींत एकेक मूल बसे, आणि सेविकाबाई वहींत आंकडा लिहीत. सूनबाईंनीं विचारलें, "मूल मान केव्हां धरतें, बसतें केव्हां, हेंही लिहितां का?" बाई म्हणाल्या, "कार्डावर रकाना आहे ना ताई. तीन-चार महिन्यांत मान, पुढं बसणं. आम्हांला शिकवलंय. पण दिवाळी झाली का माणसं भट्टीवर जातात, भिवंडीकडं, वसईकडं. पोर पाठीला बांधून नेतात. पावसाच्या तोंडाशी परततात. तिकडं त्याची मान कोण बघतंय?"

ह्या उत्तरास आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हतें. सरकारचीं बालतपासणी-पथकें वर्षांतून दोनदां अंगणवाड्यांस भेट देतात. पण त्या दिवशीं मूल वीटभट्टीवर असेल तर पथकानें तरी काय करावें? जव्हारास पतंगशाह रुग्णालय आहे, मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे. मज्जाविकाराच्या तज्ज्ञाकरितां मात्र जव्हारहून नाशिक सुमारें ऐंशी किलोमीटर, आणि मुंबई त्याहून पुष्कळ दूर. आमच्या घरीं सर्व कांहीं होतें, औषध नव्हतें. येथें औषध निघालें आहे, पण मुलापर्यंत वाट नाहीं. मरणाऱ्या पेशीस ह्या दोहोंतला भेद कळत नाहीं.

तरीही वाट नाहींच असें म्हणणें चुकीचें होईल. ती एकदां घातली गेली आहे, आणि तीही ह्याच पेशींकरितां. पोलिओचा विषाणु खालच्या टप्प्याच्या चालक पेशींवरच घाला घालतो. त्याच्या अभ्यासाकरितां मुंबईस १९४९ सालीं एक संशोधन-विभाग निघाला; तोच पुढें परळचें एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र झाला, आणि आतां राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा मुंबई विभाग म्हणून काम करतो. पेशींचे शत्रू बदलतात याचाही धडा मुंबईनें घेतला आहे. १९७१ सालीं शहरांत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यानंतर कांहीं प्रौढ माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले, आणि जे. जे. रुग्णालयांतील डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या दोहोंचा संबंध जगापुढें मांडला. आपल्याच प्रांतांत भंडारा-गोंदियाकडे पिकणाऱ्या लाखोळी डाळीवर महिनोन् महिने गुजराण झाली तर वरच्या टप्प्याच्या पेशी मरून पाय ताठरतात. त्या डाळींतील विष भारतीय शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं ओळखलें. ह्या सर्व प्रकारांत बरें करणारें औषध निघालें नाहीं. जें यश आलें तें कारण ओळखून पेशी वांचविण्यांत आलें.

पोलिओच्या यशाचें श्रेय लसीस आहेच. १९९५ पासून देशभर पोलिओ रविवार सुरू झाले, शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु लसीमागें एक जागता पहारा होता, तो आजही आहे. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर तें ताबडतोब कळवावयाचें. चौदा दिवसांच्या आंत, चोवीस तासांच्या अंतरानें, मलाचे दोन नमुने घ्यावयाचे. ते बर्फाच्या पेटींतून प्रयोगशाळेंत पाठवावयाचे. आणि साठ दिवसांनीं मूल पुन्हां पाहावयाचें. मोखाड्याच्या पाड्यावरील मुलाचा नमुना ह्या रीतीनें बर्फांत बसून परळास जातो. जेथें रस्ता संपतो तेथून तो कोणाच्या तरी खांद्यावरून आलेला असतो. संशोधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कांचेच्या नळ्या येतात. पण त्या नळ्यांत काय पडावयाचें तें चिखल तुडवीत येणाऱ्या माणसांवर अवलंबून असतें.

सूनबाईंची सूचना ह्याच अनुभवावर उभारलेली आहे, आणि आम्हांस ती पूर्णपणें पटली. नवजात बालकाच्या टांचेंतून रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घेतां येतो. तो वाळला कीं बर्फाचीही गरज नाहीं. पाकिटांत घालून धाडला तरी चालतो. त्या थेंबावरून एस. एम. ए. चा दोष चिन्हें दिसण्यापूर्वींच कळतो. जव्हार व मोखाडा मिळून २०११ च्या शिरगणतींत सुमारें सव्वादोन लाख वस्ती होती. वरील प्रमाणानें पाहतां दोन-तीन वर्षांत एखादें बालक. एका बालकाकरितां एवढा खटाटोप कशाला, असें विचारणारे भेटतील. त्यांस उत्तर हें कीं, तोच थेंब जन्मतः थायरॉइडची उणीव असलेलीं मुलेंही दाखवितो. तीं दर हजार-बाराशेंत एक असतात. तींही लुळीं व मंद दिसतात, आणि वेळेवर सुरू केलेल्या अगदीं स्वस्त गोळीनें त्यांची बुद्धि वांचते. पोलिओच्या पेटीकरितां जी वाट पडली, तिच्यावरून हा कागदाचा तुकडाही जाऊं शकेल. मात्र मूल भट्टीवर गेलें तर त्याचें कार्ड त्याच्याबरोबर जावें, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीनें तें आपलें मानावें.

आमच्या वाचकांनीं काय करावें? पहिलें, हा रोग केवळ डोंगरांतला नव्हे. एस. एम. ए. चें सदोष जनुक एकेरी बाळगणारे निरोगी लोक दर चाळीस-पन्नासांत एक असतात. दोघेही आईबाप तसे असले तर प्रत्येक अपत्यास चारांत एक धोका. ज्या कुळांत एखादें मूल असें गेलें असेल, त्या कुळानें, आणि विशेषतः मामेबहिणीशीं विवाह जेथें ठरतात त्या घरांनीं, रक्ताची परीक्षा करून घेण्यांत संकोच मानूं नये. दुसरें, घरांतील वडील माणसाच्या हातून वस्तु वारंवार निसटूं लागली, बोलणें जड झालें, पाणी पितांना ठसका लागूं लागला, तर तें वयावर घालूं नये. आम्हीं आठ महिने तेंच केलें. औषध मिळालें नसतें हें खरें. पण त्या आठ महिन्यांत काकांची वाचा शाबूत होती, आणि रोगाचें नांव कळलें असतें तर त्यांस आम्हां प्रत्येकाशीं जें बोलावयाचें होतें तें त्यांनीं बोलून घेतलें असतें. तिसरें, आपल्या वस्तीजवळ बांधकाम किंवा वीटभट्टी असेल, तर तेथल्या तान्ह्या मुलांकडे एकवार नीट पाहावें. जें मूल डोळ्यांनीं हंसतें पण पाय उचलीत नाहीं, त्यास जवळच्या सरकारी रुग्णालयाची वाट दाखवावी, आणि जमल्यास स्वतः बरोबर जावें.

निघतांना काकांच्या नांवानें नेलेलें साहित्य आम्ही अंगणवाडींत ठेविलें: पाट्या, चित्रांचीं पुस्तकें, एक सतरंजी. सेविकाबाईंनीं तें नोंदवहींत मांडून घेतलें. मग त्यांनीं सूनबाईंकडून एक कागद मागितला, लुळ्या मुलाचीं तीं सर्व चिन्हें त्यांच्याकडून मराठींत क्रमानें लिहवून घेतलीं, आणि तो कागद वजनाच्या कांट्याशेजारीं भिंतीवर चिकटविला.